सामाईक

या, अशा जवळ या. मागं बसून प्रेमाची गोष्ट ऐकू येत नाही, ती हळूच सांगायची असते. सुरुवातीला हसवीन, हे कबूल. शेवटपर्यंत हसू टिकेल याचा शब्द मात्र देत नाही. देवानं ही गाठ घातली तेव्हा त्याच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक. आपण फक्त ती कशी पडली आणि कशी सुटली, तेवढं पाहू.

गाठ पडली ती एका लिफ्टमध्ये.

मोठ्या रुग्णालयाची जुनी लिफ्ट. आत फिनेलचा वास, वर कुरकुरणारा पंखा. बाहेर पाऊस कंटाळल्यासारखा पडत होता. ती दादाचा हात धरून आत शिरली. दादा तिच्याहून मोठा, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच, दाढीत एखाद-दुसरा पांढरा केस आलेला. आणि मनानं? मनानं कधी तीन वर्षांचा, कधी तीनशे. शब्द त्याच्याजवळ मोजके होते, आणि ते तो उगाच उधळत नसे.

दार मिटता मिटता एक तरुण धावत आत आला. काखेत कागदांचा गठ्ठा, हातात गळकी छत्री, चष्म्यावर पावसाचे थेंब. चष्मा पुसायला त्यानं हात वर केला... आणि दादानं त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण चिमटीत पकडलं.

"बटण," दादा म्हणाला.

"दादा, सोड! — माफ करा हं. त्याला बटणं आवडतात."

"आवडू देत की. माणसं आवडण्यापेक्षा बरं."

"तो लवकर सोडत नाही."

"लवकर म्हणजे?"

"मनात येईल तेव्हा. एकदा एका कंडक्टरला बस डेपोत लागेपर्यंत धरून ठेवलं होतं."

"मग माझा चौथा मजला गेला म्हणायचा."

गेलाच. लिफ्ट वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. माणसं चढली, उतरली. या तिघांकडे पाहून कुणी गालात हसलं, कुणी नाक मुरडलं. तो मात्र शर्ट ओढला जाऊ नये म्हणून दादाच्या दिशेनं जरासा वाकून, मान तिरकी करून उभा राहिला होता. एखाद्या मोठ्या माणसाचं बोलणं आदरानं ऐकावं, तसा. तिला ते वाकणं दिसलं. तिनं पटकन पंख्याकडे पाहिलं.

"तुम्हालाही चौथ्यावरच जायचंय?" त्यानं विचारलं.

"हो. संशोधन विभागात बोलावलंय."

"अरेच्चा. मग तुम्ही माझ्याकडेच आलाय."

"तुम्ही डॉक्टर?"

"छे! मी आकडेवाला. रोग्याला हात लावायची मला परवानगी नाही."

"आणि रोग्यानं तुम्हाला लावला तर?"

त्यानं आपल्या बटणाकडे पाहिलं आणि तो असा मोकळा हसला, की दादाही हसला. तेवढ्यात दोरा तुटला. बटण दादाच्या मुठीत गेलं.

"ठेवा तुम्हाला," आकडेवाला दादाला म्हणाला. मग तिच्याकडे वळून, "तुम्ही यांच्या धाकट्या?"

"पाठची."

"अगदी पाठची? मध्ये कुणी नाही?"

"नाही. का हो?"

"वा! आम्हाला पाठचीच हवी असते."

ती कानापर्यंत लाल झाली. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो तिच्याहून लाल झाला.

"म्हणजे — अभ्यासाला! अभ्यासाला हवी असते, असं म्हणायचं होतं मला..."

"हं," ती म्हणाली. "आधी बटण लावून घ्या."

त्या दिवसापासून ती त्याची 'पाठची' झाली, आणि दादानं त्याचं नाव 'बटण' ठेवलं. माणसाचं नाव दादानं स्वतःहून ठेवण्याची ती पहिलीच वेळ.

*

आता ती तिथं कशाला गेली होती, ते सांगते. त्यावाचून पुढचं कळायचं नाही.

दादा पोटात असताना तिच्या आईला उलट्यांनी हैराण केलं होतं. पाण्याचा घोटसुद्धा टिकेना. तेव्हा डॉक्टरांनी एक पिवळी गोळी दिली. आईनं घेतली. उलट्या थांबल्या, मूल वाढलं, जन्मलं. आणि मग ते बोलेचना. शेजारची पोरं गाणी म्हणायला लागली, आणि हा खिडकीच्या गजाला धरून गप्प. आईनं आठवून आठवून पाहिलं : काय खाल्लं, काय उचललं, कुणाला काय बोलले... आणि तिचं बोट त्या पिवळ्या गोळीवर येऊन थांबलं ते थांबलंच. पाठच्या मुलीच्या वेळीही उलट्या झाल्या. या खेपेला आईनं दात-ओठ खाऊन सोसलं, गोळीला शिवली नाही. मुलगी चुरूचुरू बोलायला लागली. झालं! देवळातल्या घंटेसारखं ते आईच्या मनात वाजलं. गोळी घेतली तो असा, नाही घेतली ती तशी.

तेव्हापासून त्या माउलीनं गोळी म्हणून घेतली नाही. तापात नाही, दाढ ठणकली तेव्हा नाही. नवरा गेला त्या दिवशी डोकं फुटायची वेळ आली तेव्हाही नाही. आणि आता रक्तदाब. डॉक्टरांनी हात टेकले होते. "रोज एक गोळी घ्या, नाहीतर एक दिवस डोक्यातली नस जाईल," ते सांगत. आई मान हलवी, गोळ्यांचं पाकीट घरी आणी, आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून देई.

"अगं, मरशील ना," पाठची रडकुंडीला येऊन म्हणे.

"एका गोळीनं एका जिवाचं वाटोळं केलं माझ्या हातून. आता परत हात पुढं करू?"

पाठचीला म्हणून तो अभ्यास हवा होता. त्या पिवळ्या गोळीनं मुलं उशिरा बोलतात की नाही, हेच तो विभाग शोधत होता. गोळी निर्दोष निघाली, तर आई कपाटातलं पाकीट खाली काढेल. आई जगेल. बस, एवढंच. त्यात प्रेम वगैरे काही नव्हतं. प्रेम आगंतुक, ते न बोलावता आलं आणि सगळ्यात चांगल्या पाटावर बसलं.

*

चौथ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात नेहमी पोरं असायची. तपासणीला आलेली, कंटाळलेली. आकडेवाला कामाच्या खोलीतून बाहेर पडला की ती त्याच्या अंगाखांद्यावर चढत. एक खांद्यावर, एक पायाला लटकलेलं, एक चष्मा मागतंय. कागद कुठं, पेन कुठं! पाठची ते लांबून बघायची. दादा आत कानाची तपासणी करून घ्यायचा, आणि ही बाहेर बाकावर बसून छापखान्यातून आणलेली प्रुफं तपासायची. तेच तिचं काम. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका वेचायच्या.

एकदा तो दोन चहा घेऊन बाकावर येऊन बसला.

"तुम्हाला आमचा हिशेब समजावून सांगू? कंटाळा आला तर दादांना बोलवा, ते बटण धरतील, मी गप्प होईन."

"सांगा."

"गोळी घेतलेल्या आयांची मुलं एका बाजूला, न घेतलेल्यांची दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूला उशिरा बोलणारी मुलं जास्त आहेत. हे खरं आहे."

तिचा कप हातातच राहिला. "म्हणजे आई म्हणते तेच."

"थांबा ना... घाई करू नका. गोळी कोण घेतं? जिला फार त्रास होतो ती. ती आधीच अशक्त असेल, काळजीत असेल, घरात विचारणारं कुणी नसेल. मग मुलावर परिणाम गोळीचा झाला, की त्या सगळ्याचा? दोन निरनिराळ्या घरांची तुलना म्हणजे... तुमच्या आईचा स्वयंपाक माझ्या आईपेक्षा चांगला, तो मिठामुळे, असं म्हणण्यासारखं."

"तुमच्या आईला सांगू का हे?"

"नका. जेवायला मिळायचं नाही." तो हसला. "तर आम्ही काय करतो, एकाच आईची दोन मुलं घेतो. एकाच्या वेळी गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही. आई तीच, बाप तोच, घर तेच, गल्ली तीच. जे दोघांत सामाईक आहे ते आपोआप वजा होतं. मग गोळीनं खरंच काही बिघडवलं असेल, तर ते भावंडा-भावंडांतही दिसेल. अशा हजारो जोड्या."

"आणि आमची एक."

"तुमची एक. माझ्या मते सगळ्यांत... म्हणजे... नीट माहिती असलेली."

ती गालात हसली. मग समोरच्या प्रुफांकडे पाहत म्हणाली, "आमच्याकडेही असंच करतात. दोन प्रती शेजारी ठेवायच्या, फरक दिसला की समजायचं, चूक तिथं आहे. पण एक गंमत असते. मुळातल्या हस्तलिखितातच चूक असली ना, तर ती दोन्ही प्रतींत ऐटीत बसते. शेजारी ठेवून कितीही बघा, दिसतच नाही."

त्यानं चहा खाली ठेवला.

"हे वाक्य मी चोरणार आहे."

"चोरा. पण चोरी करणाऱ्याला निदान नीट बटण लावता आलं पाहिजे." आणि तिनं सहज हात पुढं करून त्याच्या शर्टावर उलटसुलट लागलेली बटणं दाखवली. बोट शर्टाला लागलं नाही. अर्ध्या इंचावर थांबलं.

चहा निवला. पाऊस गजांवरून आत येऊन प्रुफांवर पडला, तरी तिनं कागद हलवले नाहीत.

*

मग काय! अभ्यास चालला होता, आणि त्याच्या आडून दुसराही अभ्यास चालला होता. तो छापखान्याच्या दारात उभा राहायचा. कधी छत्री आणायला विसरायचा, म्हणजे तिच्या छत्रीत यायला मिळे. दादा मध्ये, ही दोघं दोन्ही बाजूंना, अशी ती वरात निघायची. छत्री एक, माणसं तीन; भिजायची ती ही दोघंच.

"तुमचा खांदा भिजतोय," ती म्हणायची.

"तुमचाही."

"मग दादाला बाहेर काढू?"

"छे, छे. दादा आहेत म्हणून तर आपण एवढे जवळ आहोत."

दादा मधून म्हणायचा, "बटण. चल." आणि दोघं हसायची.

एका संध्याकाळी पुलाच्या कठड्याशी, दादा खालच्या पाण्यात खडे टाकण्यात दंग असताना, तो नेहमीसारखी वाक्यं न जुळवता एकदम म्हणाला, "मला दादांसकट तू हवी आहेस."

त्याच्या तोंडी 'तू' पहिल्यांदाच आलं. ते त्याचं त्यालाही नवं वाटलं असावं, कारण लगेच तो चाचरला, "म्हणजे, तुमची हरकत नसेल तर..."

"तुमची काय? एकदा 'तू' म्हटलंस ना? मग आता मागं घेऊ नकोस."

बायांनो, देवाचं नाव घेताना आपण त्याला कधी 'अहो' म्हणतो का? जिथं जीव जडला तिथं 'तू'च येतं. त्या संध्याकाळी तिच्या तोंडून तो 'तू' भजनातल्या पालुपदासारखा पुन्हा पुन्हा निघत राहिला. "तू वेडा आहेस." "तू आईला भेट." "तू उद्या ये." तिला वाटलं, आता देवाजवळ आणखी काही मागायचं राहिलंच नाही. फक्त आईनं ती गोळी घ्यावी.

*

आणि निकाल आला.

त्यानं छापखान्यात फोन केला. आवाज नुसता नाचत होता. "पाठचे! गोळी सुटली. निर्दोष! भावंडांची तुलना केली, आणि फरक उरतच नाही. सगळा फरक पुसला गेला!"

तिनं समोरची प्रुफं तोंडावर धरली, कारण सगळे बघत होते. "तू घरी ये," ती कशीबशी म्हणाली. "आईला तूच सांग. माझं ती ऐकायची नाही. तुझं ऐकेल."

"आणखीही एक विचारीन म्हणतो आईंना. एकाच फेरीत."

"एकाच फेरीत सगळं?"

"रिक्षाचे पैसे वाचतात."

रविवारी दुपारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, सगळी बटणं जागच्या जागी. दादासाठी बिस्किटांचा डबा. आईनं त्याला खुर्ची दिली आणि आपण समोर खाली बसली. दादा दारातल्या उन्हात. पाठची स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी. चहाला आधण ठेवलेलं.

त्यानं सांगायला सुरुवात केली. फार सुंदर सांगितलं त्यानं. सोप्या शब्दांत, आईला कळेल असं. आई एकेक शब्द डोळ्यांनी पीत होती.

"म्हणजे... गोळीनं नाही झालं?"

"नाही, आई. तुम्ही इतकी वर्षं उगाच स्वतःला दोष दिलात. गोळी घेतलेलं मूल आणि न घेतलेलं त्याचंच भावंड, यांच्यात फरक सापडत नाही. जे काही आहे ते गोळीत नाही, ते भावंडांत सामाईक आहे."

बघा हं. चांगल्या माणसाच्या हातून चूक कशी होते, ती बघा. आयुष्यभर आकड्यांत राहिलेला तो. त्याच्या कागदांवर 'सामाईक' हा एक निरुपद्रवी शब्द होता. जे वजा होतं, जे बाजूला काढून ठेवायचं असतं, ते. त्यानं तो शब्द आनंदानं, पेढा हातावर ठेवावा तसा, आईच्या हातावर ठेवला.

आईनं तो उलटून पाहिला.

"सामाईक म्हणजे?"

"म्हणजे दोघांनाही मिळालेलं. एकाच आईकडून, एकाच घरातून आलेलं..."

तो थांबला. पण शब्द पोचला होता.

"म्हणजे माझ्याकडून," आई म्हणाली.

"नाही, नाही, आई! तसं नव्हे. सामाईक म्हणजे कितीतरी गोष्टी. पाणी, हवा, चुलीचा धूर, काळजी, वडिलांकडून आलेलं... आणि हा हजारो घरांचा मिळून हिशेब आहे. तुमच्या एका घराबद्दल तो काहीच सांगू शकत नाही."

"बिचारी गोळी," आई म्हणाली. तिला आता ऐकू येत नव्हतं. "इतकी वर्षं मी तिच्यावर आळ घेतला. आणि होतं माझ्याच रक्तात."

"आई..." पाठची पुढं आली.

आई उठली. कपाटाशी गेली. टाचा उंच करून वरच्या फळीवरचं पाकीट काढलं, एक गोळी फोडली आणि पाण्याशिवाय गिळली. ज्या क्षणासाठी मुलीनं देव पाण्यात घालून ठेवले होते, तो क्षण हा असा आला. आईच्या चेहऱ्यावर सुटकेचं नाव नव्हतं. ज्याच्याशी भांडत होतो तोच आता राहिला नाही, म्हटल्यावर माणूस जसा हात खाली टाकतो, तशी ती उभी होती.

मग ती मुलीकडे वळली. डोक्यापासून पायापर्यंत तिला पाहिलं, आणि मान न वळवता त्या मुलाला विचारलं,

"मग हिलाही दिलंय ना मी ते?"



आधणाचं पाणी उतू जाऊन शेगडीवर चरचरलं. कुणी उठलं नाही. दुसरं जे विचारायचं होतं, ते त्या दुपारी विचारलं गेलं नाही.

*

त्यानंतर तो रोज छापखान्याच्या दारात यायचा आणि ती मागच्या दारानं जायची. शेवटी एका दुपारी तो मागच्याच दाराशी उभा राहिला. पत्र्याच्या आडोशाखाली, कागदाच्या रिकाम्या खोक्यांशेजारी. पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की मोठ्यानं बोलावं लागे. आणि काही गोष्टी मोठ्यानं बोलायच्या नसतात.

"आई कशा आहेत?"

"गोळी घेते. रोज. उतरलाय रक्तदाब. डॉक्टर खूष आहेत." ती थांबली. "घेताना विचारते मला, 'घेऊ ना गं मी?' म्हणून. एखाद्या चोरानं विचारावं तसं."

"मी पुन्हा बोलतो त्यांच्याशी."

"बोललास की तीनदा. ती हात जोडते तुला. परवा काय म्हणाली माहितीय? 'पोरगा गुणी आहे गं. त्याच्या घरात आपलं दुखणं नको घालू.'"

"माझ्या घरात काय घालायचं ते मी ठरवीन की नाही?"

"असा ओरडू नकोस ना..."

"पाऊस आहे म्हणून ओरडतोय. रागानं नाही." त्यानं चष्मा काढला. पुसायला कोरडं काहीच नव्हतं. "हे बघ. मला मूल नको. तू आणि दादा. पुष्कळ झालं."

"चौथ्या मजल्यावर पोरं तुझ्या खांद्यावर चढतात ना, तेव्हा तुझा चेहरा बघितलाय मी."

"मग बघू नकोस. डोळे मिटून घेत जा."

तिला हसू आलं. त्या हसण्याबरोबरच डोळे भरले. "रक्ताची तपासणी करून घेऊ," तो म्हणत होता, "असतात हल्ली तपासण्या."

"दादाच्या केल्या होत्या सगळ्या. काही सापडलं नाही. पण सापडलं नाही म्हणजे नसतंच, असं तुम्ही लोक तरी म्हणता का?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"ऐक. मूल होईल, न होईल, ते राहू दे. लहानपणापासून आई दादाकडे बघायची, तिच्या डोळ्यांत एक नजर असायची. मग ती माझ्याकडे वळायची आणि ती नजर निवायची. मी तिचा विसावा होते रे. एवढी एक गोष्ट बरी झाली, असं ती माझ्याकडे बघून म्हणायची. आता माझ्याकडेही ती तसंच बघते. दादाकडे बघायची तसं. मी लग्न केलं तर उरलेलं आयुष्य ती माझ्या पोटाकडे बघत काढेल."

पावसाचा जोर वाढला. आतून कुणीतरी तिला हाक मारली. तिनं ओ दिली नाही. ती त्याच्या जवळ आली, इतकी की आता मोठ्यानं बोलायची गरज उरली नाही.

"एक कर. आत्ता घरी चल. आईसमोर उभा राहा आणि म्हण, 'रक्तात नाही.' एवढंच. पुन्हा हिशेब केला, चूक सापडली, असं काहीही सांग. तुझ्या तोंडून ऐकलं तर ती मानेल. मीसुद्धा मानीन. दोघींनाही सोडवशील. म्हण ना... आधी मला म्हणून दाखव."

त्यानं तोंड उघडलं.

अहो, केवढंसं वाक्य ते! माणसं प्रेमापायी चंद्र आणून देतो म्हणतात. याला फक्त दोन शब्द म्हणायचे होते. आणि समोर ती होती; भिजलेली, वाट बघत असलेली, त्याच्या ओठांकडे अशी पाहत, की जणू तिथूनच तिचा जन्म पुन्हा व्हायचा होता.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "पाठचे, मला खरंच माहीत नाही. असेल, नसेल. मी नाही म्हणालो, आणि पुढं कधी... तर तू मला क्षमा करशील, पण माझ्या एकाही शब्दावर मग तुझा विश्वास राहणार नाही. माहीत नसताना मी तुझ्याशी राहीन. जन्मभर राहीन. पण खोटं बोलून नाही."

तिनं डोळे मिटले. खूप वेळ मिटलेलेच ठेवले.

तिला त्याचा राग आला नाही. ह्याच्याचसाठी तर तो तिला आवडला होता! तो खोटं बोलला असता तर ती त्याच्याबरोबर गेली असती. आणि एखाद्या सकाळी तिच्याच लक्षात आलं असतं, की ज्याच्यावर जीव जडला होता तो हा नव्हे. तो खरं बोलला, आणि म्हणून तो त्याचा तो राहिला, आणि म्हणून तिला जायला हवं होतं. देवा, हा कसला रे तुझा न्याय? मी पुष्कळदा विचारलंय. उत्तर आलं नाही. येईल तेव्हा सांगेन.

तिनं हात पुढं करून त्याच्या कपाळावरचे ओले केस मागं सारले. त्यानं तिचं मनगट क्षणभर धरलं... आणि सोडलं.

"तुम्ही निघा आता," ती म्हणाली. "भिजाल."

'तुम्ही'. त्याला तो शब्द कळला. पत्र्याखालून तो बाहेर पडला तेव्हा छत्री हातातच होती; त्यानं ती उघडली नाही.

*

तो अभ्यास पुढं छापला गेला. कुठंकुठं कितीतरी आयांना कुणी ना कुणी सांगितलं असेल, "बाई, तू गोळी घेतलीस म्हणून काही झालं नाही," आणि त्या रात्री त्या निवांत झोपल्या असतील. ते पुण्य त्याच्या नावावर जमा असो. त्यानं लग्न केलं नाही. दुसऱ्या गावी मोठी जागा मिळाली, तिकडं गेला. दादा काही दिवस दाराशी उभा राहून त्याला हाक मारत असे, मग थांबला. पाठची अजून प्रुफं तपासते. आता चष्मा लागलाय तिला. तिच्या हातून चूक सुटत नाही, असं छापखान्यातले म्हणतात.

आणि आई? आई आहे. गोळी लागू पडली, तिला चांगलं आयुष्य मिळालं. रोज सकाळी तळहातावर गोळी घेऊन ती मुलीकडे बघते, मुलगी मान हलवते, मग ती गिळते.

तुम्ही आता उठाल, आपापल्या घरी जाल. देवापुढं हात जोडाल तेव्हा स्वतःचं सगळं मागून झालं की शेवटी क्षणभर त्या आईला आठवा. तिची काही चूक नव्हती, एवढं तिच्या वतीनं सांगून ठेवा. ते तिला पटवून देईल असं माणूस अजून कुणी भेटलेलं नाही.